सहकुटुंब पाहावयाची कुस्ती

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी, धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर, दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आमच्यापाशी घुटमळत उभा राहिला. इतर मुले पांगली तेव्हा त्याने हळूच विचारले, "फादर, खोटी कुस्ती बघितली तर पाप लागतं का?"

प्रश्नामागची हकीकत अशी होती. त्याच्या घरी टेलिव्हिजनवर परदेशी पैलवानांच्या झुंजी लागत आणि त्या तो डोळे विस्फारून पाही. त्याचे आजोबा तरुणपणी बेळगाव-कोल्हापूरकडच्या मैदानांत कुस्त्या केलेले. लाल मातीत वाढलेल्या त्या वृद्ध गृहस्थांना हा प्रकार मुळीच सहन होईना. "ठरवून पडायचं आन् लोकांचं पैसं खायाचं, ही चोरी हाय," असे म्हणून त्यांनी संच बंद करविला व नातवाला बजावले की, खोटे पाहणे हे खोटे बोलण्यासारखेच. मुलाला आजोबांचा शब्द मोडवत नव्हता आणि आवडही सुटत नव्हती.

"पुढच्या रविवारी सांगतो," असे म्हणून आम्ही त्याला निरोप दिला. लहान मुलाच्या प्रश्नाला हसून वाटेला लावू नये, असे आमच्या गुरुजनांनी सेमिनरीत आम्हांस शिकविले होते. शिवाय प्रश्न वरवर वाटतो तितका पोरकट नव्हता. ज्या झुंजीचा निकाल आधीच ठरलेला असतो, ती दाखवून पैसे घेणे प्रामाणिकपणाचे आहे काय? आणि ती मुलाबाळांसह पाहणे योग्य आहे काय?

याचा विचार करताना आमचे लक्ष इंग्लंडकडे गेले. ठरवून केलेल्या कुस्तीला आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहण्याचा खेळ बनविण्याचा प्रयत्न त्या देशात दीर्घकाळ झाला आहे, आणि त्याचे बरेवाईट दोन्ही अनुभव तेथे पाहावयास मिळतात.

१९३० नंतर इंग्लंडात 'ऑल-इन' नावाची कुस्ती लोकप्रिय झाली. तीत नियम नावालाच असत. धसमुसळेपणा व आचरटपणा इतका वाढला की, त्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या नगरशासनाने तिच्यावर बंदी घातली. महायुद्धानंतर १९४७ साली अॅडमिरल लॉर्ड माउंटइव्हान्स यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली व तिने नवे नियम ठरविले. हे तेच दर्यावर्दी, जे कॅप्टन स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेत त्यांचे दुय्यम अधिकारी होते. पैलवानांची वजनाप्रमाणे सात गटांत विभागणी झाली, फेऱ्या ठरल्या आणि पंचाचा अधिकार स्पष्ट झाला. १९५२ साली निरनिराळ्या भागांतील प्रयोजकांनी 'जॉइंट प्रमोशन्स' हा संघ स्थापन करून आपापली क्षेत्रे वाटून घेतली. १९५५ साली टेलिव्हिजनवर कुस्त्या दिसू लागल्या आणि पुढे शनिवारी दुपारी चारची वेळ म्हणजे कुस्तीची वेळ, असे समीकरणच होऊन बसले. फुटबॉलचे निकाल जाहीर होण्यापूर्वीची ती घटका घरोघरी चहाच्या पेल्यांसह साजरी होई.

तथापि, या खेळाचे खरे घर म्हणजे गावोगावची नगरसभागृहे. मध्यभागी दोरांचा चौक, भोवती खुर्च्या आणि पुढच्या रांगांत मुले. सज्जन पैलवानाला पडद्यामागच्या भाषेत 'निळ्या डोळ्यांचा' म्हणत. त्याच्या समोर दुष्ट पैलवान उभा राही. पंचाची पाठ फिरताच तो केस ओढी, दोरावर गळा दाबी, आणि पंच वळताच हात जोडून निरपराध्याचा आव आणी. सारी मुले जिवाच्या आकांताने पंचाला ओरडून सांगत आणि पंचाला मात्र नेमके तेवढेच ऐकू येत नसे. पुढच्या रांगेतील म्हाताऱ्या बायका हातातील पिशवीने दुष्टाची पाठ बडवीत. आपल्या तमाशातील सोंगाड्या किंवा दशावतारातील राक्षस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या प्रकारात काहीच नवल वाटणार नाही.

आता प्रश्न राहतो तो खोटेपणाचा. आमच्या वृद्ध मित्रांच्या संतापात पुष्कळ सत्य आहे. शाहू महाराजांनी बांधविलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात लोक जातात ते निकाली कुस्ती पाहण्यासाठी. पाठ जमिनीला लागते की नाही, हे त्या क्षणापर्यंत कोणालाही ठाऊक नसते. अशा ठिकाणी दोन पैलवानांनी आधी संगनमत करून नुरा कुस्ती केली, तर ती प्रेक्षकांची उघड फसवणूक होय. कारण खरी वस्तू म्हणून खोटी वस्तू विकली गेली. परंतु नाटकात मरणारा नट दुसऱ्या दिवशी पुन्हा रंगभूमीवर येतो, म्हणून त्याला कोणी लबाड म्हणत नाही. असत्याला फसविण्याचा हेतू लागतो. घेणारा व देणारा दोघेही व्यवहार जाणत असतील, तर तेथे असत्य उरत नाही.

इंग्लंडातील कुस्ती या दोहोंच्या मध्ये कोठेतरी लटकत होती. प्रयोजक निकाल ठरवीत, पण तसे कबूल करीत नसत. १९८५ साली जॅकी पॅलो या जुन्या नामांकित पैलवानाने आपल्या आत्मचरित्रात हे सारे उघड सांगितले, तेव्हा सहकारी त्याच्यावर रुष्ट झाले. मोठ्या प्रेक्षकांना मात्र त्यात फारसे नवे नव्हते. त्यांच्या मनात ही गोष्ट पूर्वीच येऊन गेली होती आणि तरीही ते तिकीट काढून येत होते. आज हा आडपडदा बहुतांशी गळून पडला आहे. तो गळून पडल्याने खेळाचे काही बिघडले नाही, उलट त्याची नीती थोडी सुधारली, असेच आमचे मत आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. निकाल ठरलेला असला तरी पडणे खोटे नसते. त्या चौकाखाली फळ्या असतात, त्यांवर पातळ गादी व वर ताणलेले जाड कापड. त्यावर आदळताना पैलवान हनुवटी छातीशी घेतो, श्वास सोडतो, पाठीचा रुंद भाग एकदम टेकवतो आणि हात पसरून जमिनीवर आपटतो, म्हणजे मार एकाच जागी न बसता अंगभर वाटला जातो. फेकणारा त्याला सावरून फेकतो व फेकला जाणारा स्वतःच उडी घेऊन त्याला साहाय्य करतो. ज्याला आपण शत्रू समजून शिव्याशाप देतो, त्याच्याच हाती नायकाने आपली मान विश्वासाने दिलेली असते. इतके करूनही गुडघे, खांदे व मणके झिजतातच.

ही किंमत विसरली गेली म्हणजे काय होते, हेही त्याच इतिहासात लिहिलेले आहे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात 'बिग डॅडी' या नावाने शर्ली क्रॅबट्री हा धिप्पाड पैलवान मुलांचा लाडका नायक झाला. वजन दीडशे किलोंहून अधिक. त्याचा पहिला झगमगीत पोशाख पत्नीने घरच्या कोचाच्या कापडातून शिवला होता, असे सांगतात. त्याचा भाऊच प्रयोजक असल्याने प्रत्येक कार्यक्रम याच्याभोवती फिरू लागला. १९८१ साली वेम्बली येथे त्याची गाठ अडीचशे किलोंच्या घरातील 'जायंट हेस्टॅक्स' याच्याशी पडली. त्या झुंजीचा एवढा गाजावाजा झाला, पण ती तीन मिनिटांच्या आतच संपली. डॅडी म्हणजे विजय, हे लहान पोरालाही पाठ झाले. वय वाढत गेले, दम कमी झाला, आणि मग दुसऱ्यांनी मार खावा व यांनी शेवटी येऊन प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर झेप घ्यावी, असा परिपाठ पडला.

ऑगस्ट १९८७ मध्ये ग्रेट यारमथ या समुद्रकाठच्या गावी, सुटीसाठी आलेल्या कुटुंबांसमोर, हीच झेप माल्कम कर्क या पैलवानावर पडली. नेहमीप्रमाणे जल्लोष झाला. कर्क मात्र उठला नाही. त्याला हृदयविकार जडलेला होता असे चौकशीत निष्पन्न झाले व क्रॅबट्रीवर दोष आला नाही. परंतु त्या माणसाच्या मनाला लागलेली टोचणी काही गेली नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८८ मध्ये, इंग्लंडच्या टेलिव्हिजनवरील ती शनिवारची कुस्ती बंद पडली.

त्या रात्री खुर्च्यांत बसलेल्या मुलांचा विचार आमच्या मनातून जात नाही. कार्यक्रमात रक्त नव्हते, अपशब्द नव्हता, अश्लील काही नव्हते. 'सहकुटुंब' या शब्दाच्या रूढ अर्थात तो अगदी निर्दोष होता. परंतु आत झुंजणाऱ्याच्या छातीत काय चालले आहे, याची विचारपूस झाली नसेल, तर अशा कार्यक्रमाला कुटुंबाचा म्हणावे कसे? खाली पडणारा माणूसही कोणत्यातरी कुटुंबाचा असतोच.

टेलिव्हिजनवरून गेली तरी कुस्ती मात्र गेली नाही. ब्रायन डिक्सन नावाचा बर्कनहेडचा एक तरुण आरंभी एका पैलवानाच्या चाहत्यांचे मंडळ चालवीत असे. १९७०च्या सुमारास त्याने स्वतःच कुस्त्या भरविण्यास प्रारंभ केला व पुढे ही संस्था 'ऑल स्टार रेसलिंग' म्हणून प्रसिद्धीस आली. टेलिव्हिजनचे छत्र गेल्यावरही तिने नगरसभागृहांत आणि बटलिन्सच्या सुटीच्या वसाहतींत मुलाबाळांच्या मेळाव्यांपुढे कार्यक्रम चालू ठेवले. २०२३ साली डिक्सन निवर्तले तोवर त्यांनी पन्नासहून अधिक वर्षे हा व्याप सांभाळला होता. रोज नवे गाव, रोज चौक उभारणे व उतरविणे. ज्यांनी आपल्याकडे तंबूतील नाटके वा सर्कस जवळून पाहिली आहे, त्यांना या जिण्यातील कष्ट समजतील.

संत थॉमस अक्वायनस यांनी १३व्या शतकात आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथात खेळ व करमणूक यांचा विचार केला आहे. शरीराला जशी विश्रांती, तसा मनाला खेळ आवश्यक आहे. लोकांचे मन रिझविणाऱ्यांचा धंदा स्वभावतःच पापमय नव्हे. त्यात अभद्र बोलणे-वागणे नसावे. आणि अशा लोकांना त्यांच्या कष्टाचे योग्य मोल देणे हे न्यायाचेच कृत्य आहे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. यातील शेवटचा मुद्दा आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. करमणूक करणाऱ्याचे आपण काही देणे लागतो. तिकिटाच्या पैशांत ते सगळे फिटते असे आम्हांस वाटत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलाला सोबत घेऊन थेट त्याच्या घरीच गेलो. आजोबा ओसरीवर बसले होते. इंग्लंडातील त्या जुन्या झुंजींची चित्रणे आज मोबाईलवर सहज पाहावयास मिळतात. १९७०च्या दशकातील हलक्या वजनाच्या दोन पैलवानांची एक झुंज आम्ही त्यांच्यापुढे धरली. प्रथम त्यांनी तोंड फिरविले. मग तिरप्या नजरेने पाहू लागले. थोड्या वेळाने मोबाईल त्यांनी आपल्याच हाती घेतला. एका पैलवानाने दुसऱ्याला खांद्यावरून उचलून फेकले, तेव्हा ते म्हणाले, "फादर, हे पुन्हा दावा बघू." पुन्हा दाखविले. "निकाल खोटा हाय," ते म्हणाले, "पर पडायचं शिकलंय बघा पोरगं. आमच्या वस्तादांनी आम्हाला सहा महिनं पडायलाच शिकिवलं हुतं."

मुलाला आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. खेळ आहे हे जाणून पाहिलेस तर पाप नाही. मात्र त्यातला एकही डाव शाळेच्या आवारात कोणावर करशील तर ते पाप होईल. कारण ते लोक एकमेकांना सांभाळून फेकतात आणि तू ते शिकलेला नाहीस. आजोबांनी यावर मान डोलावली. पण ती एका बाबतीत पुरेशी वाटली नसावी. ते काठी टेकीत उठले, नातवाला घेऊन परसात गेले, आणि पावसाने मऊ झालेल्या मातीत त्याला उभे करून म्हणाले, "हनुवटी छातीला लाव. आता पड."

आम्ही ओसरीवरून पाहत होतो. चौथ्या खेपेस मुलगा नीट पडला.