भंगारातली ‘डुक्कर फियाट’

सॅल्व्हेज यार्ड म्हणजे आपला कुर्ल्याचा भंगारबाजारच, फक्त एकरांनी मोजायचा! ॲरिझोनातल्या एका यार्डात शेव्हरोले-ब्यूइकच्या रांगांमागे आम्हाला चक्क ‘डुक्कर फियाट’ दिसली. १९५३ साली इटलीत निघालेलं हे ११०० मॉडेल: १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर, पुढची दारं उलटी उघडणारी. हिचीच पुढची पिढी कुर्ल्यात प्रीमियर पद्मिनी झाली नि २०२३ पर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावली.

इथल्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो. रबर, सीटा मात्र उन्हाने पार गेलेल्या. गिऱ्हाईक नसलं की गाडी थेट क्रशरमध्ये. मालक म्हणाला, “हिचे पार्ट कोण मागणार?” अहो, मुंबई-पुण्यातले हौशी अजून शोधताहेत! पाने आपलेच न्यायचे असतात. आम्ही दिवे आणि दारांच्या मुठी तेवढ्या सोडवून आणल्या.