निरोप घेतला कोणी?

रुग्णालयात ‘कॉलबुक’ नावाची एक साधी वही असते. रोग्याचे बिघडले की परिचारिका तीत त्याचे नाव, तक्रार आणि वेळ लिहिते. शिपाई वही डॉक्टरांकडे नेतो. डॉक्टर वेळ घालून सही करतात. निरोप कोणी दिला, कोणी घेतला, केव्हा घेतला, हे पुढे चौकशी निघाली तरी त्या पानावरून कळते. शिपायाच्या मानेवर काही येत नाही.

आता निरोप व्हॉट्सॲपच्या गटात पडतो. वेग वाढला, हे मी नाकारीत नाही. मध्यरात्री रक्त हवे असता वही घेऊन धावण्यात शहाणपण कसले? पण गटात चाळीस माणसे असली की निरोप सर्वांना जातो आणि कोणाचाच राहत नाही. निळी खूण वाचल्याची. काम पत्करल्याची नव्हे.

याचा मोठा जाच आशाताईंना. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ही योजना आली. कागदोपत्री त्या स्वयंसेविका. हाती मानधन आणि कामागणिक मोबदला. आपल्या कोकणातल्या कित्येक वाड्यांत रेंज सड्यावर चढल्यावर मिळते. ‘आजच माहिती भरा’ हा सकाळचा निरोप तिला दुपारी दिसतो, आणि ठपका तिच्यावरच! २०२३ च्या ऑक्टोबरात राज्यातील आशा संपावर गेल्या, तेव्हा ऑनलाइन कामाची सक्ती नको, हीही त्यांची मागणी होती.

यंत्र काढून टाका, असे आमचे म्हणणे नाही. निरोपावर एकाचे नाव घाला; त्याने ‘घेतला’ असे कळविले नाही, तर पाठविणाऱ्याने फोन करावा. रोग्याचे नाव नि आजार चाळीस जणांपुढे मांडू नका. आणि रात्री दहाला काम सांगायचे, तर त्याचा मोबदलाही ठरवा.