गाडी मिसिंग का मारते?



वेळणेश्वरच्या किनाऱ्यावरून सड्यावर येणारा चढ तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच चढावर आमच्या गटातल्या एका ताईंची जुनी स्कूटर गचके खायला लागली. मागे कोकम आगळाच्या बाटल्या, माल गुहागरला पोचवायचा, आणि गाडी फट-फट करत जागीच थांबली. स्कूटर गटाच्या कर्जातून घेतलेली. माल पोचला नाही, तर हप्ता कुठून भरायचा?

गाडी गॅरेजमध्ये गेली, कार्बोरेटर साफ झाला. आठ दिवसांनी जोराचा पाऊस आला आणि पुन्हा तेच. अशा तीन फेऱ्या झाल्या, तिन्ही वेळा पैसे गेले. शेवटी दोष निघाला प्लगच्या टोपीत. खाऱ्या हवेने आतल्या पितळेवर हिरवट गंज चढला होता. दोष पेट्रोलचा नव्हताच, ठिणगीचा होता.

चूल पेटायला लाकूड, वारा आणि काडी लागते. इंजिनालाही तसेच पेट्रोल, हवा आणि ठिणगी लागते. शिवाय हे मिश्रण आत नीट दाबले जावे लागते. बॅटरी असते 12 व्होल्टची. कॉइल तो दाब हजारो व्होल्टपर्यंत वाढवते, आणि मग प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनात मिनिटाला 1500 वेळा मिश्रण पेटावे लागते. त्यातली काही पेटणी हुकली, की गाडी मिसिंग मारते.

म्हणून पाना हातात घेण्याआधी स्वतःला विचारा: गाडी बिघडते केव्हा?

फक्त पावसात किंवा धुतल्यावर बिघडते का? मग प्लगची टोपी आणि तिची जाड वायर पाहा. ओलावा शिरला, की वीज प्लगपर्यंत न जाता वाटेतच बाहेर पळते. रात्री अंधारात, हात न लावता, चालू गाडीच्या त्या वायरीकडे पाहिले तर कधीकधी निळसर चमक दिसते.

बटण बंद केल्यासारखी झटकन थांबते का? बहुतेक वेळा दोष विजेचा असतो. गुटमळत, दम तोडत थांबते का? मग पेट्रोल कमी पोचत असावे. टाकीचे झाकण उघडून पुन्हा लावल्यावर गाडी चालू लागली, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले असू शकते.

गरम झाल्यावर बंद पडते आणि निवल्यावर चालू होते का? मग कॉइल तपासून घ्या.

आता प्लग. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, किल्ली बंद करा, प्लगभोवतीची माती पुसा आणि प्लगच्या पान्याने तो सोडवा. प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल, तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर बघा. पेट्रोलने ओला असेल, तर ठिणगी पडत नसावी. तेलकट काळा असेल, तर इंजिन ऑइल जळते आहे. ते काम मेकॅनिकचे. फटफटीत पांढरा असेल, तर इंजिन फार तापते आहे. दोन टोकांमधली फट किती हवी, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. प्लग बसवताना आधी हातानेच फिरवा, पाना शेवटी. जोर लावला तर आटे जातात आणि शंभराचे काम हजारात जाते.

एक काम मात्र करू नका. प्लग बाहेर काढून, हातात धरून ठिणगी पाहू नका. झटका जबर बसतो, आणि जवळ पेट्रोलची वाफ असते. त्यापेक्षा तसाच नवा प्लग लावून पाहा. सगळ्यात स्वस्त तपासणी तीच.

2020 नंतरच्या बहुतेक स्कूटरांत कार्बोरेटर नसतो. तिथे मीटरवर इंजिनाच्या चित्राचा दिवा लागून राहिला, तर गॅरेज गाठा. पण प्लग आणि टोपी त्यांनाही असतेच. जुन्या पद्मिनीसारख्या मोटारींत चार प्लग आणि त्यांना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर असे. पावसाळ्यात त्याच्या झाकणाखाली ओल धरली, की ड्रायव्हर ते कोरड्या फडक्याने पुसून गाडी चालू करीत.

हे बायकांचे काम नाही, असे कोणी म्हटले तर बर्टा बेंझची गोष्ट सांगा. जर्मनीत 1888 साली नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन ती दोन मुलांसह शंभराहून अधिक किलोमीटर गेली. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. ठिणगीची वायर उघडी पडली, तेव्हा पायमोज्याचा पट्टा गुंडाळून तिने ती झाकली. गॅरेज तेव्हा कुठेच नव्हते.

आमच्या ताईंनी आता डिकीत एक वही ठेवली आहे. गाडी कधी बिघडली, पाऊस होता का, चढ होता का, कोणता भाग बदलला, सगळे त्यात लिहितात. मेकॅनिककडे गेल्या, की आधी वही उघडतात. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला एक स्कूटर अंगणात उभी करा, पान्याने प्लग सोडवा आणि सगळ्याजणी मिळून त्याचा रंग बघा.