फुफ्फुसाचा कॅन्सर: चार दवाखाने, एक पिशवी आणि ती सांभाळणारा माणूस

समजा, सेनगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला दोन महिन्यांपासून खोकला आहे. वजन उतरलंय, एकदा थुंकीतून रक्तही पडलं. आधी गावातला डॉक्टर, मग सेनगावचं ग्रामीण रुग्णालय, तिथून हिंगोली. सीटी स्कॅन नांदेडला. बायोप्सी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपास. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर आपापलं काम करतात. पण आधी काय झालं आणि पुढे कुठं जायचं, हे सगळं माहीत असलेला माणूस एकच असतो: कागदांची पिशवी घेऊन सोबत फिरणारा मुलगा, सून किंवा भाऊ.

उपचारांचा समन्वय म्हणतात तो हाच. पुस्तकात ते रुग्णालयाचं काम आहे, प्रत्यक्षात मात्र बरंचसं त्या पिशवीवर चालतं.

वेळ कुठे जातो?

पहिली अडचण टीबीची. खोकला, बारीक ताप, वजन घटणं, थुंकीतून रक्त ही लक्षणं दोन्ही आजारांत दिसतात. एक्स-रेवरचा डागही कधीकधी सारखाच वाटतो. आपल्याकडे टीबी जास्त, त्यामुळे डॉक्टरांच्या मनात आधी तोच येतो, आणि त्यात चूक काही नाही. चूक होते ती पुढे. थुंकीच्या तपासणीत जंतू सापडलेले नसतात, औषधांनी फरक पडत नाही, तरी गोळ्या सुरूच राहतात. अशा वेळी सीटी स्कॅनचं विचारायला हवं. काहींना दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, म्हणून टीबीच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत.

दुसरी अडचण बहुतेकांना माहीतच नसते. बायोप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. रिपोर्टचा कागद मिळाला की लोक निघतात, ब्लॉक लॅबमध्येच राहतो. पण ईजीएफआर, एएलके यांसारख्या जनुकीय तपासण्या त्याच तुकड्यावर होतात. कोणाला केमो आणि कोणाला गोळ्या, हे ठरवताना त्या महत्त्वाच्या असतात. मोठ्या रुग्णालयात गेल्यावर 'ब्लॉक आणा' असं ऐकलं की पुन्हा एसटी, पुन्हा एका दिवसाचा रोज बुडाला. तुकडा अपुरा असेल तर बायोप्सीच पुन्हा.

केमोनंतर घरी ताप आला तर?

मला सगळ्यात काळजीची वाटते ती ही जागा. केमो बऱ्याचदा दर तीन आठवड्यांनी असते. मधले दिवस रुग्ण गावात असतो. केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या काळात 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर तो साधा ताप समजायचा नाही, लगेच रुग्णालय गाठायचं. पण रात्री दहाला रुग्ण जातो तो जवळच्या डॉक्टरकडे. केमो कधी झाली, कोणतं औषध दिलं, हे त्या डॉक्टरला कोणी कळवलेलं नसतं. डिस्चार्ज कार्ड असतं, तेही इंग्रजीत, आणि अनेकदा घाईत घरी राहिलेलं.

मग मदत कोणाची?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत सहभागी रुग्णालयांत आरोग्यमित्र असतात. कागदपत्रं आणि मंजुरीसाठी त्यांची मदत होते, हेल्पलाइन 155388. पण पुढची तपासणी कुठे करायची, हे ठरवणं त्यांचं काम नाही.

त्यासाठी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने टाटा समाजविज्ञान संस्थेसोबत एक अभ्यासक्रम सुरू केला. नाव 'केवट'. रामाला नदीपार नेणारा नावाडी तो केवट. यात तयार झालेले लोक रुग्णाला कोणत्या विभागात कधी जायचं, कोणता रिपोर्ट आधी लागेल, हे समजावतात. कल्पना साधी आहे. पण टाटात पोहोचलेल्याला केवट भेटतो, सेनगाव ते परळ हा प्रवास तोवर रुग्णाने एकट्यानेच केलेला असतो. जिल्हा रुग्णालयात असा एक माणूस बसला तर निम्म्या खेपा वाचतील, असं मला वाटतं.

तोवर पिशवी सांभाळणाऱ्यासाठी एवढंच: सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, प्रत्येक कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, सीटीची सीडी मागून घ्या, ब्लॉक कुठे आहे ते फाइलवर लिहा. आणि केमोनंतर वॉर्ड सोडण्याआधी नर्सला विचारा, रात्री ताप आला तर फोन कोणाला करायचा? नंबर फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.