संघ हरतो, छातीत धडधड आपल्या!

मुंबई सिटी फुटबॉल क्लब आयएसएलच्या पहिल्या दोन्ही हंगामांत उपांत्य फेरीबाहेर राहिला. २०१५ मध्ये तर गोव्याने त्याला ७-० ने धुतले. अशा संघाचा चाहता टीव्हीसमोर चिडतो, तेव्हा त्याची नाडी आणि रक्तदाब खरोखर चढतो. २००६ च्या विश्वचषकात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या २.६६ पट झाल्या. जर्मनीने तर बहुतेक सामने जिंकले होते! म्हणजे हृदयाला नुसता पराभव नव्हे, उत्कंठाही जड जाते. आधीपासून हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक.

बाळापुरात रात्री मोबाइलवर सामना पाहताना छातीत दाब येऊन घाम फुटला, तर ‘शेवटची दहा मिनिटं’ म्हणून थांबू नका. गॅस समजून सोडाही पिऊ नका. लगेच १०८ ला फोन लावा. अकोला गाठायलाही वेळ लागतो.