गीझर गेला की नुसती कॉइल?

डिसेंबरात एखाद्या सकाळी पाणी कोमटच राहतं, नाहीतर गीझर लावला की ईएलसीबी पडतो. मग घरात एकच सूर निघतो, 'झाली की इतकी वर्षं, आता नवाच घेऊ.' वाघोलीसारख्या बोअर आणि टँकरच्या भरवशावरच्या उपनगरात तर ही वेळ जरा लवकरच येते. मेकॅनिक खालचं झाकण काढून नट सोडतो आणि बादलीत पाण्याबरोबर ओंजळभर पांढरे खवले पडतात. मागोमाग कॉइल बाहेर येते. मूळची करंगळीपेक्षा बारीक नळी, पण क्षाराची पुटं चढून चढून ती पांढऱ्या मुळ्यासारखी दिसत असते.

एवढ्यावरून गीझर भंगारात काढायचं काहीच कारण नाही. कॉइल, थर्मोस्टॅट, कटआउट, वॉशर, व्हॉल्व्ह, सगळं बदलून मिळतं. गीझर खदखदतो तेही क्षारामुळेच. थराखाली अडकलेलं पाणी तिथल्या तिथे उकळतं. ईएलसीबी पडतो तो बहुतेकदा कॉइलचं आवरण फाटून वीज पाण्यात उतरते म्हणून. अशा वेळी 'आजच्या दिवस चालवू' म्हणणं जिवावर बेतू शकतं.

टाकी गळू लागली, की मात्र दुरुस्तीचा विषय संपला. पण टपकणारा प्रत्येक थेंब टाकीचाच असतो असं नाही. पाणी तापताना फुगतं, तेव्हा सेफ्टी व्हॉल्व्हमधून चार थेंब गळले तर ते त्याचं कामच. पाइपच्या जोडाशी ओल असेल तर वॉशर बघायचा. पत्र्याच्या आतून तांबूस पाणी झिरपत असेल, तर टाकी सडली. त्यावर एम-सील थापून हिवाळा काढणारे महाभाग आहेत. त्यांनी निदान गीझरखाली उभं राहून आंघोळ करू नये.

टाकी वाचवायची सोय आतच असते. तो मॅग्नेशियमचा रॉड, म्हणजे एनोड. टाकीच्या वाटचा गंज तो स्वतःवर घेतो आणि झिजत झिजत शेवटी नुसती तार उरते. टाकीच्या मानाने त्याची किंमत किरकोळ. पाणी जड असेल तर वर्षा-दीड वर्षाने तो बघावा. आपल्याकडे सर्व्हिसिंग म्हणजे बाहेरून फडकं मारणं, त्यामुळे या रॉडचं नावसुद्धा अनेकांना टाकी फुटल्यावरच कळतं.

नवा घेताना दुकानदार आधी तारे दाखवतो. साठवणीच्या गीझरचे तारे मुख्यतः तापलेलं पाणी तसंच राहिल्यावर किती उष्णता वाया जाते यावर ठरतात. गीझर दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरात पाच ताऱ्यांचा उपयोग आहे. वीस मिनिटं लावून बंद करणाऱ्यांच्या बिलात फारसा फरक पडत नाही. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर न्यायला पाऊण युनिटपेक्षा थोडी कमीच वीज लागते. त्यात गार पाणी मिसळलं, की आंघोळीजोगं 30 लिटर होतं.

त्यापेक्षा दाबाचा आकडा विचारावा. गच्चीवरच्या टाकीतून पाणी थेट येत असेल, तर 20 मजली इमारतीत सर्वांत जास्त दाब पहिल्या मजल्याला सोसावा लागतो, जवळपास 6 बार. तिथे 8 बारचा गीझर हवा.

गॅस गीझर घ्यायचा तर तो बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. बंद बाथरूममध्ये माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो.

बसवून झाल्यावर बटण दाबायची घाई नको. आधी गरम पाण्याचा नळ सोडायचा. तो फुसफुसतो, थुंकल्यासारखं पाणी टाकतो आणि टाकी भरली की अखंड धार लागते. त्याआधी वीज दिली, तर नवी कोरी कॉइल कोरडीच तापून पहिल्या दिवशी जळते.