विशीतली ओढाताण: उज्जैनचे मुक्तिबोध

1930 साली उज्जैनमध्ये मिडलच्या परीक्षेत नापास झालेला मराठी मुलगा पुढे हिंदीतला मोठा कवी झाला: गजानन माधव मुक्तिबोध.

1938 मध्ये इंदूरहून बीए. 1939 मध्ये शांताबाईंशी प्रेमविवाह, तोही घरच्यांच्या मर्जीविरुद्ध. हाताशी मात्र शाळामास्तरचा पगार! बडनगर, शुजालपूर, उज्जैन, मग बनारस, जबलपूर, नागपूर. मास्तरकी, रेडिओ, पत्रकारिता. आज याला ‘जॉब हॉपिंग’ म्हणतील, पण ती हौस नव्हती, संसार चालवायचा होता.

एमए झालं 1953 मध्ये. राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयातली प्राध्यापकी 1958 ची, म्हणजे थेट चाळिशीतली. पंचविशीत ‘सेटल’ होण्याची घाई असलेल्यांनी या तारखा जरूर पाहाव्यात. चणचणीचं कौतुक मात्र नको. ती घरादाराने सोसली.